टोकेकरांचा जांभळा शिक्का

नृसिंह नारायण टोकेकर हे नांदूरटेकच्या माध्यमिक विद्यालयाचे ग्रंथपाल होते, असं शाळेचे कागद म्हणत. माझ्या मते ते तुरुंगाधिकारी होते. खोलीत भिंतीला लागून लाकडी कपाटं, प्रत्येक कपाटाला कुलूप, कुलपांच्या किल्ल्या टोकेकरांच्या जानव्याला आणि जानवं सदऱ्याच्या आत. म्हणजे एखाद्याला पुस्तक वाचायची इच्छा झालीच, तर आधी टोकेकरांच्या सदऱ्याची वरची बटणं सुटायला हवीत. ती सहसा सुटत नसत. मी त्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि मलासुद्धा वर्गात वाचून दाखवायला एखादं पुस्तक हवं असलं, तर मी उन्हाळ्याची वाट पाही. उकाड्यात टोकेकर एक बटण आपणहून उघडं ठेवीत.

गाव बेलापूरहून प्रवरेच्या कडेकडेनं गेलं की लागायचं. भोवती ऊस. उसात घरं, घरांत पोरं आणि पोरांच्या हाताला कायम गुळाचा नाहीतर काकवीचा चिकटा. टोकेकरांचं सगळं तत्त्वज्ञान या चिकट्यातून जन्माला आलं होतं. ते म्हणत, "पुस्तकाचा खरा शत्रू वाळवी नव्हे, वाचक. वाळवी निदान पानांचे कोपरे दुमडत नाही."

एखादं पोरगं धीर करून दारात उभं राहिलं, की चौकशी सुरू होई.

"काय पाहिजे?"

"पुस्तक, सर."

"मला सर म्हणू नकोस. इथल्या सरांना राग येतो. हात बघू."

पोरगं हात पुढे करी.

"उलटे कर. नखं. हं. मागच्या महिन्यात नेलेलं वाचलंस?"

"व्हय."

"सगळं?"

"व्हय जी."

"मग आता आणखी कशाला? एकावर एक वाचलं की बाधतं."

पोरगं परत जाई आणि टोकेकर एक पुस्तक वाचवल्याच्या समाधानात तपकिरीची चिमूट ओढीत.

पण त्यांची खरी कला शिक्क्यात होती. नवं पुस्तक आलं, की ते खोलीचं दार लावून घेत. पहिल्या पानावर शिक्का, शेवटच्या पानावर शिक्का आणि मध्ये एका गुप्त पानावर शिक्का. ही सगळ्याच ग्रंथालयांची रीत. पण टोकेकरांनी या रीतीला स्वतःची जोड दिली होती. पुस्तकात चित्र दिसलं, की त्या चित्रावरही शिक्का. आणि तोही कोपऱ्यात नाही, बरोबर मध्यावर. "चोराला चित्र हवं असतं," ते सांगत. "चित्राच्या तोंडावरच शाळेचं नाव बसलं, की चोराचं मन उडतं." त्यामुळे आमच्या शाळेतल्या वाघाला तोंड नव्हतं, हिमालयाला शिखर नव्हतं आणि परीकथांतल्या सगळ्या राजकन्या मानेपासून खाली तेवढ्या सुंदर होत्या. मोठ्या चित्रांना एक मोठा शिक्का, लहान चित्रांना पावलीएवढा एक लहान शिक्का. शाई जांभळी. शिक्क्याखाली टाकानं बारीक अक्षरात दाखल क्रमांक. तो क्रमांक घातल्याशिवाय वस्तू शाळेची झाली, असं टोकेकर मानतच नसत. माझी छत्री एकदा चुकून त्यांच्या टेबलावर राहिली, ती अजून माझ्याकडे आहे. दांड्यावर शाळेचं नाव आहे.

एवढा सगळा कारभार हा माणूस अर्ध्या दिवसात करी. कारण टोकेकर अर्धवेळ होते. सकाळी ग्रंथपाल, दुपारी कचेरीत पडेल ते काम. वेळापत्रकाच्या नकला काढायच्या, शिपाई भीमा शेतावर गेला तर घंटा द्यायची, गुरं आवारात शिरली तर हाकलायची. शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती. चहा आला, की ते दाराच्या चौकटीला टेकून बशीतून पीत. पूर्णवेळ व्हावं, खुर्चीत बसून कपानं चहा प्यावा आणि पोरांनी उघडपणे 'सर' म्हणावं, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. घरीही त्यावरून सुख नव्हतं. त्यांची पत्नी प्रेमलावहिनी एकदा मला म्हणाल्या, "माहेरी मी सांगते, ह्यांना नोकरी आहे. किती वाजेपर्यंत, ते सांगत नाही."

पूर्णवेळ पदासाठी शिक्षण खात्याच्या साहेबांची शिफारस लागे. साहेब वर्षातून एकदा तपासणीला येत. मागच्या खेपेला त्यांनी ग्रंथालयाच्या दारात उभं राहून आत नजर टाकली होती. कुलपं चकचकीत होती. "इथं कोणी येतं का हो?" त्यांनी विचारलं होतं. टोकेकर अभिमानानं म्हणाले होते, "एकही नाही, साहेब!" साहेब निघताना सांगून गेले, की पुढच्या वर्षी ग्रंथालय आणि वर्ग यांचा काही संबंध दिसला, तरच पदाचा विचार होईल. तेव्हापासून टोकेकर असा संबंध शोधत होते, की जो कपाट न उघडता जुळेल.

आणि मग ते यंत्र आलं.

ते आणलं आप्पासाहेबांनी. आप्पासाहेब शाळा समितीचे अध्यक्ष. मोठे बागाईतदार, मनानं त्याहून मोठे आणि आवाजानं सगळ्यांत मोठे. कोपरगावला शेतकी प्रदर्शनात त्यांनी भिंतीवर उसाचा खोडकिडा पाहिला होता. परत आले ते थेट शाळेत.

"लोंढे मास्तर," ते आमच्या मुख्याध्यापकांना म्हणाले, "रेड्याएवढा किडा! मी म्हंतो रेड्याएवढा! जलम गेला आमचा उसात, पर आमाला त्यो कदी दिसला न्हाई. भितीवर लगीच दिसला. त्ये मशीन आपल्या साळंत पायजे."

"किडा दाखवायला?" सूर्यभान लोंढे सरांनी सावधपणे विचारलं.

"काय बी दावा हो! पर मोठं दावा."

आठवड्याभरात प्रोजेक्टर दाखल झाला. लोखंडी, एक डोळ्याचा, मागं पंखा घरघरणारा. सोबत एका पेटीत लहान लहान डब्या आणि डब्यांत गुंडाळलेल्या फिल्मपट्ट्या. मानवी हृदय, बेडकाचा जन्म, ढगांचे प्रकार आणि आप्पासाहेबांच्या आग्रहाखातर उसावरचे रोग. पट्टी यंत्रात घालायची, बाजूची कळ फिरवायची, एकेक चित्र भिंतीवर उमटायचं. सिनेमासारखं हलायचं नाही. चित्र थांबायचं आणि मास्तर बोलायचा.

हे यंत्र ठेवायचं कुणी, यावर रण पेटलं. विज्ञानाचे शिक्षक मच्छिंद्र वाकचौरे यांचं म्हणणं, ते प्रयोगशाळेचं. वाकचौरे अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याच्या डोंगरातले. लहानपणापासून या टेकडीवरून त्या टेकडीवर हाक मारायची सवय, त्यामुळे वर्गातल्या पहिल्या बाकाशीही ते दरी ओलांडून बोलत. पुण्याला जाऊन त्यांनी या यंत्राचं प्रशिक्षण घेतलं होतं आणि तेव्हापासून त्यांचं प्रत्येक वाक्य 'पुण्याला असं करतात'नं सुरू होई. उलट खात्याचं एक परिपत्रक असं सांगत होतं, की अशा साधनांचा वापर ग्रंथपाल आणि विषयशिक्षक यांनी परस्पर सहकार्याने करावा.

लोंढे सरांनी ते परिपत्रक चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ते शेतकऱ्याच्या घरातले. सहकार्य म्हणजे वाटणी, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. त्यांनी निकाल दिला. यंत्र वाकचौरेंकडे, फिल्मपट्ट्या टोकेकरांकडे. म्हणजे बंदूक एकाच्या खांद्यावर आणि काडतुसं दुसऱ्याच्या जानव्याला.

दुसऱ्याच दिवशी वाकचौरे ग्रंथालयाच्या दारात उभे.

"टोकेकर, हृदय द्या."

"कुणासाठी?"

"नववीसाठी. चौथ्या तासाला दाखवायचंय."

"हात बघू, सर."

"ओ टोकेकर! मी काय पोरगा आहे का?"

"तसं नव्हे. तुम्ही आत्ता बेडूक फाडून आलात."

वाकचौरेंनी हात मागं लपवले. "पुण्याला ग्रंथपाल स्वतः वर्गात फिल्म आणून देतात."

"पुण्याला ऊस नाही," टोकेकर शांतपणे म्हणाले. "वाचून झाली की परत कधी आणणार?"

"फिल्म वाचत नाहीत हो! बघतात!"

"सगळ्यांनी एकदम?"

"सगळ्यांनी एकदम!"

टोकेकरांचा चेहरा पडला. एका पुस्तकाला एका वेळी एक वाचक मळवतो, हे दुःख त्यांनी कसंबसं पचवलं होतं. इथं अख्खा वर्ग एकदम बघणार! "मग हात लावणार कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुणीच नाही. फक्त मी."

हे ऐकून मात्र त्यांच्या मनात काहीतरी उजळलं. सगळ्यांनी वापरायचं आणि कोणी हात लावायचा नाही! असं वाचन जगात असू शकतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण तरीही हृदय त्या दिवशी मिळालं नाही, कारण डब्यांना अजून तपकिरी कागदाची वेष्टनं घालायची होती. मग वेष्टनं झाली, तर खळ वाळायची होती. खळ वाळली, तर नववीची सहामाही आली. वाकचौरे रिकामं यंत्र रोज फडक्यानं पुशीत आणि टोकेकर भरलेल्या डब्या रोज मोजून ठेवीत. परस्पर सहकार्य असं जोरात चाललं होतं.

फेब्रुवारीत तपासणीची तारीख लागली. लोंढे सरांनी दोघांना बोलावून घेतलं.

"टोकेकर, पूर्णवेळ व्हायचंय ना?"

"हो, सर."

"वाकचौरे, पुढच्या वर्षी प्रयोगशाळेला नवी खोली हवीय ना?"

"हवीय."

"मग साहेबांपुढं दोघांनी मिळून हृदय दाखवायचं. ग्रंथालयातच. तुमचं दोघांचं सूत जमलेलं दिसलं, तर दोघांचंही भलं होईल. नाही दिसलं, तर टोकेकर, तुम्ही जन्मभर दुपारी गुरं हाकाल."

ग्रंथालयच का, तर त्या खोलीला एकच खिडकी होती आणि डिसेंबरातल्या युद्धाच्या वेळी तिच्यावर चिकटवलेला काळा कागद टोकेकरांनी अजून काढला नव्हता. लढाई संपली होती. पण कागद शाबूत होता आणि शाबूत वस्तूला टोकेकर हात लावत नसत. पडद्यासाठी आप्पासाहेबांनी घरून आपलं धुवट पांढरं धोतर पाठवलं. काठासकट.

आदल्या दिवशी रंगीत तालीम ठरली. सगळी जमली आणि वीज गेली. आमच्याकडे दुपारी विजेवर पहिला हक्क विहिरीवरच्या मोटारींचा. शाळेचा नंबर त्यांची तहान भागल्यावर. पण वाकचौरे हटले नाहीत. अंधारात त्यांनी कळ फिरवली. "समजा आता हृदय दिसलं. समजा आता त्याचे कप्पे दिसले." टोकेकर पहिल्या रांगेत बसून कोऱ्या धोतराकडे अगदी मन लावून बघत होते. शेवटी म्हणाले, "छान झालं. आणि कुठं मळलं नाही."

प्रोजेक्टर त्यांनी पाहिला तो एवढाच. हे ध्यानात ठेवा.

तपासणीच्या दिवसांत आमच्या भागातल्या शाळांमध्ये एक जुना शेजारधर्म चाले. कुणाकडे पृथ्वीचा गोल असे, कुणाकडे तराजू, कुणाकडे लेझिमं. साहेब ज्या शाळेत, त्या शाळेत त्या दिवशी तालुक्यातलं सगळं ज्ञान गोळा होई. आमच्याकडे सांगाडा नव्हता. तो नदीपलीकडच्या शाळेचा. भीमा शिपाई तो सायकलच्या कॅरिअरवर बसवून घोंगडीत गुंडाळून घेऊन आला. बेलापूरच्या वेशीत एका म्हातारीनं त्याला थांबवून विचारलं म्हणे, "पाव्हनं लई आजारी दिसत्यात रं?" भीमा म्हणाला, "व्हय आजी. पार हाडं ऱ्हायलीत."

या सांगाड्याच्या बदल्यात लोंढे सरांनी यंत्र आणि फिल्मपट्ट्या द्यायचं कबूल केलं होतं. साहेब आमच्याकडून निघाले, की दुसऱ्या दिवशी ते नदीपलीकडे जाणार. त्यांच्या आधी हृदय तिथं पोचायला हवं. न्यायला त्या शाळेचा माणूस सायकल आणि दोरी घेऊन येणार होता. लोंढे सरांनी हे भीमाला सांगितलं, ते कचेरीत नकला काढत बसलेल्या टोकेकरांनी ऐकलं आणि त्यांच्या हातातला टाक थांबला.

"सर, परत येतील ना?"

"न यायला काय झालं?"

"नकाशांचं पुस्तक मागं नदीपलीकडे गेलं होतं," टोकेकर म्हणाले. "परत आलं, तेव्हा त्यात आफ्रिका नव्हती."

"आफ्रिकेचं काय घेऊन बसलात? उद्याचं बघा."

टोकेकरांनी उद्याचंच बघितलं. ते उठले, ग्रंथालयात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी व्हरांड्यातून चाललो होतो, तर आतून आवाज येत होता. थप्प. मग शांतता. मग पुन्हा थप्प. मी कडी वाजवली.

"कोण आहे?"

"मी. एक पुस्तक हवं होतं."

"तपासणी झाली की या. आत्ता बंदोबस्त चाललाय."

संध्याकाळी ते घरी गेले, तेव्हा त्यांची बोटं बघून प्रेमलावहिनी म्हणाल्या, "हे काय? माघात जांभळं खाऊन आलात?" टोकेकर हसले. ते सहसा हसत नसत. म्हणाले, "आता नदीपलीकडे काय, समुद्रापलीकडे गेलं तरी परत येईल. शिक्का लहान वापरलाय. कोणाला दिसायचा नाही."

साहेब आले. उंच, सुपारीएवढ्या चेहऱ्याचे, हसणं सरकारी तिजोरीत जमा केलेले. आधी प्रयोगशाळेत गेले. दारातच सांगाडा उभा होता. साहेबांनी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिथं करंगळी तांब्याच्या तारेनं बांधलेली होती. साहेबांनी ती करंगळी दोन बोटांनी धरून हलवली.

"नमस्कार," ते सांगाड्याला म्हणाले. "पुन्हा भेट झाली."

लोंढे सरांनी कपाळ पुसलं. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. कडुलिंबाखाली नदीपलीकडचा माणूस सायकल टेकवून, दोरी खांद्यावर टाकून बिडी ओढत होता.

मग सगळे ग्रंथालयाकडे निघाले. दारात टोकेकर उभे.

"साहेब, पायताण बाहेर."

"काय?"

"आत पुस्तकं आहेत."

लोंढे सरांनी डोळे मिटले. साहेब वाकले आणि त्यांनी बूट काढले. उजव्या पायमोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. सगळ्यांनी एकदम कपाटांकडे बघायला सुरुवात केली. शाळेच्या इतिहासात एवढ्या माणसांनी एकदम ती कपाटं पाहिली नव्हती.

नववीची पोरं सतरंजीवर बसली. मागं खुर्च्यांवर साहेब, आप्पासाहेब, लोंढे सर. वाकचौरेंनी टोकेकरांपुढं हात पसरला, उलटा करून दाखवला, पुन्हा सुलटा केला. टोकेकरांनी सगळ्यांदेखत सदऱ्याची बटणं उघडून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि हृदय दिलं. त्या दिवशी वीजही आली होती. आप्पासाहेबांनी सकाळपासून आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांच्या मोटारी बंद ठेवायला लावल्या होत्या. दार लागलं. पंखा घरघरला. धोतरावर उजेड पडला.

आणि त्या उजेडात, काठापासून काठापर्यंत, बैलगाडीच्या चाकाएवढा जांभळा शिक्का उमटला. माध्यमिक विद्यालय, नांदूरटेक. ग्रंथालय. खाली टाकानं लिहिलेला दाखल क्रमांक, प्रत्येक आकडा भोपळ्याएवढा. शिक्क्याच्या मागं कुठंतरी 'मानवी हृदय' अशी अक्षरं गुदमरत होती.

अंधारात पहिले आप्पासाहेब बोलले.

"आरं तिच्या! आपल्या साळंचं नाव! वाकचौरे मास्तर, ह्ये खास आपल्यासाटी काढलंय व्हय?"

"पुढचं चित्र बघू," वाकचौरेंचा आवाज आला. पहिल्यांदाच तो दरी ओलांडत नव्हता.

पुढचं चित्र आलं. हृदय होतं, लाल, निळं, सुरेख. आणि बरोबर मध्यावर शिक्का.

"ही उजवी कर्णिका," वाकचौरे पट्टीनं दाखवू लागले. "ही उजवी जवनिका. आणि डावी जवनिका... ती 'ग्रंथालय'मधल्या 'था'च्या मागं आहे."

"सर, ह्ये मदलं गोल काय हाय?" एका पोरानं विचारलं.

"गप बस."

"रगात जांभळं आसतं का, सर?"

"आपल्या साळंत आसतं!" आप्पासाहेब खूश होऊन म्हणाले. "ह्ये धोतर बी माजंच हाय बरं का, सायेब. काठ बगा."

वाकचौरे कळ फिरवत गेले. दर चित्रावर शिक्का. हृदय आडवं कापलेलं, त्यावर शिक्का. उभं कापलेलं, त्यावर शिक्का. पोरं प्रत्येक चित्राला मोठ्यानं शाळेचं नाव वाचू लागली. मी टोकेकरांकडे पाहिलं. धोतरावरचा जांभळा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला होता. सगळं आयुष्य ज्या शिक्क्याला त्यांनी लहान, गुप्त, झाकून ठेवायची वस्तू मानलं, तो भिंतीएवढा होऊन त्यांच्याकडे बघत होता. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, रामनाम घेत आहेत. जवळ सरकलो, तर म्हणत होते, "तिसरा थोडा तिरका बसला."

दार उघडलं. उजेड आला. साहेबांनी विचारलं, "हे शिक्के कोणी मारले?"

लोंढे सरांचं बोट प्रश्न संपायच्या आत उठलं. "यांनी, साहेब. अर्धवेळ आहेत."

"मी फक्त यंत्राकडे बघतो," वाकचौरे घाईनं म्हणाले. "फिल्म यांच्याकडे. माझा काही संबंध नाही."

टोकेकर अनवाणी पुढं आले. सदऱ्याची बटणं अजून उघडीच होती आणि किल्ल्या बाहेर लोंबत होत्या. त्यांना कळून चुकलं होतं, की पूर्णवेळ गेलं. उरलेलं अर्धवेळही चाललं होतं.

"मी मारले, साहेब. पट्ट्या उद्यासाठी नदीपलीकडच्या शाळेत जायच्या होत्या ना! तिकडं गेलेलं पुरतं परत येत नाही. म्हणून सगळ्या चित्रांवर मारले. एवढे मोठे दिसतील, असं वाटलं नव्हतं."

तेवढ्यात बाहेर कडुलिंबाखालच्या माणसानं सायकलची घंटा वाजवली. पायाखालची जमीन दुभंगावी अशी लोंढे सरांची इच्छा होती. पण ती शाळा समितीची जमीन होती आणि आप्पासाहेब शेजारीच बसले होते.

साहेब खिडकीशी गेले. काळ्या कागदाचा कोपरा उचलून त्यांनी बाहेर पाहिलं. सायकल, दोरी आणि तो माणूस.

"लोंढे," साहेब म्हणाले, "उद्या मी तिकडे गेलो असतो, तर हेच हृदय मला पुन्हा दिसलं असतं, नाही?"

लोंढे सर चष्मा पुसू लागले.

"या तालुक्यात मी शाळा तपासत फिरतो, असं लोकांना वाटतं. मी एकच शाळा तपासत फिरतो. तोच गोल, तोच तराजू, तोच सांगाडा. त्या सांगाड्याची आणि माझी आता घरोब्याची ओळख झालीय. आज पहिल्यांदा मला एक वस्तू दिसली, जी जिथली आहे तिथलीच आहे आणि उद्या दुसरीकडे भेटणार नाही." ते टोकेकरांकडे वळले. "पुस्तकं देता मुलांना?"

"देतो, साहेब. हात धुतलेले असतील तर."

साहेबांनी आपल्या उघड्या अंगठ्याकडे पाहिलं. "ते मला दिसलंच."

मग त्यांनी बूट चढवले, कचेरीत जाऊन शेरा लिहिला आणि मोठ्यानं वाचूनही दाखवला. साधनांची जपणूक अनुकरणीय. ग्रंथपालाचं पद पूर्णवेळ करावं. ग्रंथपाल आणि विषयशिक्षक यांचं सहकार्य प्रत्यक्ष पाहिलं.

"आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं होतं, साहेब," वाकचौरे लगेच म्हणाले. आवाज परत दरीपार गेला होता.

"मीच सांगितलं होतं, की नीट बंदोबस्त करा," लोंढे सर म्हणाले.

टोकेकर बटणं लावत होते.

नदीपलीकडचा माणूस नुसता सांगाडाच दोरीनं बांधून परत गेला. दुसऱ्या दिवशी तिथं हृदय दिसलं नाही आणि त्या शाळेनं पुढं वर्षभर आमच्याशी अबोला धरला. सांगाडाही पुन्हा आला नाही. एकूण त्या भागातल्या शेजारधर्माचं टोकेकरांनी फार नुकसान केलं.

वाकचौरेंनी नंतर शिक्के काढायचा प्रयत्न केला. पुण्याला स्पिरिट वापरतात म्हणे. त्यांनी एका चित्रावर स्पिरिटचा बोळा फिरवला. हृदय पुसलं गेलं, शिक्का राहिला. तेव्हापासून त्यांनी नाद सोडला आणि दरवर्षी नववीला त्याच पट्टीवरून शिकवलं.

यथावकाश हुकूम आला आणि टोकेकर पूर्णवेळ झाले. शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची मिळाली. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या पाठीवर शिक्का मारला. कपानं चहा पिताना त्यांची जीभ पोळे, कारण बशीची सवय. वाकचौरे त्यांना 'टोकेकर सर' म्हणू लागले, निदान फिल्म हवी असेल त्या दिवशी तरी. प्रेमलावहिनींनी माहेरी कार्ड टाकलं. ग्रंथालयाचंही भाग्य उजळलं. पूर्वी ते अर्धा दिवस बंद असे, कारण ग्रंथपाल दुपारी कचेरीत. आता ग्रंथपाल दिवसभर हजर असल्यामुळे ते दिवसभर बंद राहू लागलं.

नववीच्या वार्षिक परीक्षेत 'मानवी हृदयाची आकृती काढून भागांना नावे द्या' असा प्रश्न आला. वाकचौरे पेपर तपासता तपासता ओरडले, तो आवाज भंडारदऱ्यापर्यंत गेला असावा. आम्ही धावलो. अर्ध्याअधिक पोरांनी हृदय अगदी झोकात काढलं होतं. कर्णिका होत्या, जवनिका होत्या, झडपा होत्या आणि बरोबर मध्यावर एक गोल काढून, त्याला बाण करून स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: ग्रंथालय.

"बघा!" वाकचौरे एक पेपर टोकेकरांच्या नाकासमोर नाचवत म्हणाले. "बघा तुमचे प्रताप! आता यांना मार्क काय देऊ?"

टोकेकरांनी पेपर हातात घेतला. आधी स्वतःचे हात सदऱ्याला पुसले, मग घेतला. चष्मा वर सरकवून त्यांनी ती आकृती बराच वेळ पाहिली. पाहता पाहता त्यांच्या चेहऱ्यावर पसंती आली आणि मग हळूहळू नाराजी.

"काढलंय चांगलं," ते पेपर परत देत म्हणाले. "पण अर्धेच मार्क द्या. दाखल क्रमांक घातलेला नाही."